पाव लिटर शिळं पाणी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, दुरुस्तीचं एकही काम असं नाही जे मला जमत नाही! मिक्सर मी उघडतो, गिझर मी उघडतो, शेजारच्या बद्रीनाथ काकांचा टीव्हीसुद्धा मी उघडून दिलाय. उघडलेली वस्तू परत बंद होते का, हा प्रश्न वेगळा. तो काकांनी मला तीन वेळा विचारला. आता विचारत नाहीत, नवा टीव्ही आणला त्यांनी.

तर असा हा मी, भारत. बीडमध्ये एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. दिवसभर पत्रांवर शिक्के मारणाऱ्या माणसाचे हात संध्याकाळी कशासाठी तरी शिवशिवत असतात, एवढं समजून घ्या. त्यामुळे "पौर्णिमा, तुझं मशीन मी पाण्यानं थंड करतो!" असं मी जाहीर केलं तेव्हा घरात जी शांतता पसरली, ती कौतुकाची आहे असंच मला वाटलं.

पौर्णिमा माझी बायको. कॉलेजात सहा वर्षांपासून तासिका तत्त्वावर शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. इतरांना एवढंच सांगतो, की उन्हाळ्याची सुट्टी लागली की ज्या मास्तरांची तोंडं उतरतात, ते तासिका तत्त्वावरचे! तर या मे महिन्यात संभाजीनगरच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. एकच जागा. निवड समितीनं उमेदवारांकडून आपापल्या अभ्यासावरची छोटी फिल्म मागवली होती, सोमवारी दुपारी बाराच्या आत पाठवायची. बारा वाजून एक मिनिटानं आली तर विचार होणार नाही, हे जाड अक्षरात.

पौर्णिमानं दोन वर्षं धारूरच्या किल्ल्याची मापं घेतली होती. त्या कोरड्या डोंगरावर जुन्या काळची माणसं पावसाचं पाणी कसं अडवायची, कसं साठवायची, हे सगळं तिनं कॉम्प्युटरमध्ये उभं केलं होतं. सात मिनिटांची फिल्म! एकेक चित्र मशीन रंगवून बाहेर काढतं, त्याला रेंडर म्हणतात. आणि तिचं मशीन म्हणजे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याएवढं. एसटीनं जाता-येता पिशवीत बसावं म्हणून तिनं मुद्दाम लहान बांधून घेतलेलं. मे महिन्यात बीडला त्रेचाळीस डिग्री. डबा एवढासा, ऊन बाहेरून अन् आग आतून. तास-दीड तास चाललं की फट्‌ बंद! थोडी फिल्म जागा निघायच्या आधीच काढून झाली होती; उरलेलीला सलग चाळीस तास लागणार होते.

"मी कॉलेजच्या लॅबमध्ये काही होतंय का बघते," पौर्णिमा म्हणाली.

"लॅब? मी घरात असताना?"

"अहो, म्हणूनच म्हणते."

मी ते ऐकलंच नाही. सामान मागवून टाकलं होतं!

बुधवारी पार्सल आलं. बोटाएवढा पंप, पेल्याएवढी पाण्याची टाकी, वहीएवढा रेडिएटर, पारदर्शक नळ्या, आणि तापणाऱ्या भागांवर बसवायचे तांब्याचे चौकोन. तयार बसवायचं मिळतं, पण ते एवढ्या डब्यात मावत नाही. मग एकेक भाग निवडून, मापून, नळ्या कापून आपणच घडवायचं. मी दोन दिवस किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "घरगुती पाणीपुरवठा." साहेबांनी लगेच मंजूर केली. बीडमध्ये या कारणाला कोणी नाही म्हणत नाही.

आई येऊन शेजारी बसली. माझी आई, सरूबाई. "ह्यो डबा केवढ्याचा हाय रं?"

"दहा लिटरचा," मी म्हणालो. या डब्यांचं माप लिटरमध्येच सांगतात, त्याला मी काय करू!

"आन् पाणी किती मावतं?"

"पाव लिटर."

आईनं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "दहा लिटरच्या डब्यात पाव लिटर? तुला फसविलं बग त्यानी. वापस दे."

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी पहिला स्क्रू काढला. खरं सांगतो, दहा वाजेपर्यंत दुसरा निघाला नव्हता. आत बोट जाईना. बोट गेलं तर स्क्रू दिसेना. स्क्रू दिसला तर नळी आडवी! नळी वाकवली की मुरगळायची, सरळ केली की झाकण लागेना. दुपारी एक स्क्रू हातातून सुटून आत पडला. मी डबा उलटा केला, हलवला. दोन स्क्रू पडले! माझा एकच होता. दुसरा कुठला, हे शोधण्यात संध्याकाळ गेली. शेवटी तो मी खिशात घातला. मशीनला त्याची गरज असती तर त्यानं सोडला नसता, अशी स्वतःची समजूत घातली.

पौर्णिमा दारातून यायची, बघायची, जायची. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. सहा वर्षांचं सगळं त्या डब्यात, आणि डबा माझ्या मांडीवर उघडा! दर अर्ध्या तासानं मी मोठ्यानं म्हणायचो, "झालंच!"

शुक्रवारी दुपारी खरंच झालं. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आत सोडलं, आणि मशीन बंद ठेवून नुसता पंप रात्रभर चालवला. कुठं गळतंय का बघायला खाली पांढरा टिश्यू पेपर पसरला. दर तासाला मी टॉर्च घेऊन वाकायचो. पहिल्याच वेळी कागदावर ओला ठिपका! पुसला, दुसरा कागद ठेवला, वाकून बघितलं, पुन्हा ठिपका! शेवटी आई म्हणाली, "आरं, तुझ्याच नाकावरचा घाम पडायलाय. कपाळ पूस आधी."

शनिवारी दुपारी बाराला पौर्णिमानं रेंडर सुरू केलं. आकडा पंचावन्नवर गेला, सत्तावन्न, अठ्ठावन्न, आणि तिथंच थांबला. अठ्ठावन्न डिग्री! टेबलफॅन लावून नव्वदला शिजणारं मशीन! पौर्णिमा आकड्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून हसली. लग्नाला आठ वर्षं झाली, पण असं हसलेली मला मोजून चार वेळा आठवते.

"चाळीस तास म्हणजे सोमवारी पहाटे चार," ती म्हणाली. "मध्ये लाईट गेली तरी भिऊ नका. प्रत्येक चित्र वेगळं साठतं. आली की पुढून सुरू करायचं, एवढंच. मला अंबाजोगाईला दोन दिवस परीक्षेचं काम आहे. अहो, तुम्ही फक्त बघत बसा. हात लावू नका."

"हात? मी? छे!"

आणि शब्द पाळला मी! हात लावला नाही. फक्त तोंड लावलं. ती गेल्यावर आईला बोलावून सगळं समजावून सांगितलं, तिथं चुकलं. "हे बघ आई, हे वरचं झाकण. इथून पाणी भरायचं. ही खाली तोटी. ही उघडली की जुनं पाणी बाहेर. किती सोपं!"

आईनं टाकीत डोकावून पाहिलं. "ह्ये पाणी बदलायचं कवा?"

"वर्षातून एकदा!" मी छाती फुगवून म्हणालो.

तेव्हा आईच्या तोंडावर जे उमटलं ते मी वाचायला पाहिजे होतं. पत्रं वाचण्यातच आयुष्य चाललंय, पण आईचं तोंड वाचता आलं नाही!

रविवारी सकाळी सात वाजता गल्लीत आरोळी उठली, "नळ आले!"

बाराव्या दिवशी आले होते. नळ आल्यावर आमच्याकडे काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. घरातली एकही वस्तू रिकामी राहता कामा नये. ड्रम, घागरी, बादल्या तर झाल्याच, कुकर भरतो, चहाचं पातेलं भरतो, माझा जेवणाचा डबासुद्धा भरतो. आणि भरायच्या आधी जुनं काढायचं. ते शिळं! शिळं पाणी झाडांना, शिळं पाणी फरशीला, आणि ताजं पाणी भांड्यात. गढूळ असलं तर वरून तुरटीचा खडा फिरवायचा. या बाबतीत आई कोणाचं ऐकत नाही. पाहुण्याच्या हातातला अर्धा पेलासुद्धा तिनं काढून घेतलाय, "थांबा, ताजं देते" म्हणून.

नळ आले की आमच्या भागात लाईट जाते. नळाला कुणी मोटार लावू नये म्हणून घालवतात, असं म्हणतात. सव्वासातला गेली. मशीन शांतपणे बंद पडलं. मीही शांत होतो. एकोणीस तास झाले होते, एकवीस उरले होते. मी अंगणात पाईप धरून उभा राहिलो आणि आई आत. तिची धुणं-भरणं-ओतणं चाललेलं ऐकू येत होतं. संशयाचा लवलेश नव्हता हो मनात!

सव्वानऊला लाईट आली. मी मशीन सुरू केलं, रेंडर लावलं आणि चहाचा कप घेऊन बसलो. डब्यातून आवाज आला. गुड. गुडगुड. गुडगुडगुड!

आकडा बघितला. सत्तर. बघता बघता ऐंशी. नव्वद! चौऱ्याण्णवला मशीन फट्‌ बंद पडलं.

मी टॉर्च मारला. टाकी अर्धी रिकामी, आणि उरलेल्या पाण्यात पांढरे पांढरे कापसासारखे धागे तरंगत होते.

"आई! ह्याच्यात काय टाकलंस?"

"काई न्हाई. दोनदा तुरटी फिरविली फकस्त."

मी कप खाली ठेवला. "कशात फिरवली?"

"नळाच्या पाण्यात. लई गढूळ आलतं आज." आई पदराला हात पुसत म्हणाली. "त्यातलं शिळं काढलं, ह्ये ताजं भरलं. तोटी तूच दाविलीस की काल! बोट बुडवून बगितलं व्हतं मी, कोमट लागलं. म्हणलं, पौर्णिमाचं मशीन हाय, पोरीचं नोकरीचं काम हाय. तिला कावून शिळं पाणी द्यावं?"

आता सांगा, या बाईवर ओरडायचं कसं? घरात सगळ्यात आधी ताजं पाणी तिनं सुनेच्या मशीनला घातलं होतं!

पण तुरटीचं पाणी त्या तांब्याच्या चौकोनात गेलं की बारीक रेघा बुजतात, धातू खातं, आणि एक थेंब बाहेर गळला तर मशीन कायमचं गेलं. मी आईला हे सांगितलं. सांगायला नको होतं. ती खाली बसली. "म्हंजे पोरीचं सा वर्षाचं मी वतून दिलं का रं?" एवढंच म्हणाली, आणि गप्प झाली. माझी आई गप्प बसली की मला फार भीती वाटते.

फोन वाजला. पौर्णिमा!

"किती झालं?"

"चाललंय!" मी म्हणालो. माझं काळीज चाललं होतं, ते खोटं नव्हतं.

डोक्यात हिशेब फिरायला लागला. आत्ता साडेनऊ. एकवीस तास पाहिजेत. दुपारी दोनला जरी सुरू झालं तरी सोमवारी अकराला संपेल, पाठवायला एक तास. म्हणजे दोनच्या आत आतलं सगळं धुऊन, शुद्ध पाणी भरून, मशीन सुरू! शुद्ध पाण्याची माझी बाटली शुक्रवारीच संपली होती. पण बद्रीनाथ काकांकडे इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टर आहे म्हणजे बॅटरीच्या पाण्याचा कॅन असणारच!

पळत गेलो. काका निवृत्त तलाठी, माणूस दिलदार. टीव्हीचं विसरून त्यांनी कॅन काढून दिला. "घिऊन जा. एकदम शुद्ध! आत्ताच मी बॅटरीत टाकलंय त्यातलं."

आतून छबुकाकूंचा आवाज आला. "आवो, त्यो कॅन मी सकाळीच भरला!"

"भरला? कशानं?"

"नळानं! आर्धा रिकामा दिसला. नळ आल्यावर रिकामा ठिवू का मग?"

काकांनी इन्व्हर्टरकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. दोघांपैकी कुणाचं नुकसान मोठं, यावर बोलत बसायला वेळ नव्हता. मी निघालो.

गल्लीत आणखी दोन घरी कॅन मिळाले. दोन्ही काठोकाठ भरलेले, दोन्हींतलं पाणी गढूळ! बीडमध्ये त्या दिवशी कोणत्याही भांड्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायची सोय नव्हती. बॅटरीची दुकानं बंद. रविवार, त्यात लग्नाची दाट तीथ. मोटारसायकलवर अख्खा गाव पालथा घातला आणि शेवटी चौकातल्या रविराजच्या मेडिकलसमोर मला सुचलं. इंजेक्शनात मिसळायचं पाणी! दहा-दहा मिलीच्या प्लास्टिकच्या नळ्यांत येतं. त्याहून शुद्ध काय असणार!

"रविराज, इंजेक्शनचं पाणी दे. शंभर नळ्या!"

"शंभर?" रविराजनं चष्मा वर केला. "काय झालं? पेशंट कोन हाय?"

"विचारू नको! लई गरम झालं. चौऱ्याण्णववर गेलं अन् बंदच पडलं!"

"चौऱ्याण्णव?" तो काउंटरवर वाकला. "आरं, चौऱ्याण्णव म्हंजे ताप न्हाई बे! माणूस गार पडायलंय! घरी कोन हाय?"

"आई हाय," मी म्हणालो. माझं लक्ष नळ्या मोजण्यात. "तिच्यामुळंच तर झालं सगळं. सकाळपासून बोलतसुद्धा न्हाई. दे लवकर!"

मी पिशवी घेऊन सुटलो. मागं रविराजनं फोन उचलला, हे मी आरशात पाहिलं. पण त्याचा आणि माझा काही संबंध असेल असं वाटलं नाही.

घरी येऊन खाटेवर चादर अंथरली, मशीन ठेवलं, झाकण काढलं. तोटीतून तुरटीचं पाणी काढलं. मग आई आणि मी खाली बसून नळ्यांची टोकं तोडायला लागलो. टक, पिळ, टाकीत. टक, पिळ, टाकीत. पंचवीस नळ्या म्हणजे एक धुणं. पंप फिरवायचा, डबा इकडे कलता, तिकडे कलता करायचा, आतली हवा निघावी म्हणून. काढायचं, पुन्हा पंचवीस. पहिल्या धुण्याला धागे निघाले, दुसऱ्याला थोडे, तिसऱ्याला नितळ! काढलेलं पाणी आईनं बादलीत साठवलं. फेकू दिलं नाही.

चौथं भरलं तेव्हा साडेबारा झाले होते. हवेचे बुडबुडे वर यावेत म्हणून डब्याखाली उशी दिली, एका कोपऱ्यावर तिरका केला. धूळ बसू नये म्हणून वर पातळ पांढरा पंचा टाकला. बाजूनं टेबलफॅन लावला. तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

बद्रीनाथ काका आणि छबुकाकू. काकूंच्या हातात शहाळं! त्यांच्या मागं समोरच्या घरातल्या तिघी, त्यांच्या मागं माझ्या कचेरीतले दोघं, ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे घेऊन. सगळे पायांचा आवाज न करता आत आले. खोलीभर फोडलेल्या नळ्यांचा खच. खाटेवर उशी, पांढरा पंचा, पंच्यातून बाहेर आलेली नळी, नळीत पाणी, वर पंखा.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "किती वाळली वो! केवडीशी झाली!"

"शांत झोप लागली वाटतं," काका माझ्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटले. "धीर धर भारत. सरूबाईनं लई कष्ट काढले. सोनं व्हईल तिचं."

"कुनाचं सोनं?" खाटेच्या पलीकडून आई उठून उभी राहिली.

छबुकाकूंच्या हातातून शहाळं सुटलं. ते गडगडत खाटेच्या पायाला जाऊन धडकलं. मी "बुडबुडे! बुडबुडे!" करत खाटेवर झेपावलो आणि डबा दोन्ही हातांनी धरला. त्यामुळे मला वेड लागलंय अशी लोकांची खात्री पटली.

"सरू, तू उभी हायस? मंग ह्ये कोन?"

आईनं पंचा बाजूला केला. सगळे वाकले. "पौर्णिमाचं मशीन हाय," आई म्हणाली. "माज्या हातून बिगाडलं."

आता माणसं हसतील, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण कोणी हसलं नाही. सगळे टेकले. समोरच्या घरातली एक जण म्हणाली, "तुरटी म्या बी फिरवते." छबुकाकू म्हणाल्या, "न्हाई तर काय! शिळं कोन ठेवतं!" आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तुरटी मीच फिरवली असावी.

एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. कोणीतरी धावत आलं आणि दारातच थांबलं. पौर्णिमा! दारात चपलांचा ढीग होता ना. ढीग बघून तिला नको तेच वाटलं. रविराजचा फोन आल्यावर काकूंनी तिला साडेदहालाच कळवलं होतं, "सासूचं काई खरं न्हाई, निघून ये." अंबाजोगाईपासून अडीच तास ती एसटीत रडत आली होती. डोळे सुजलेले.

"आत्या!"

"पोरी, माज्या हातून..." आई म्हणाली, तेवढ्यात पौर्णिमानं तिला असं घट्ट धरलं की पुढचं ऐकूच आलं नाही. दोघी रडायला लागल्या. एक सासू जिवंत आहे म्हणून, एक मशीन बिघडलं म्हणून. मी डबा धरून उभा. मला सोडता येईना, रडता येईना!

"पौर्णिमा," मी शेवटी म्हणालो, "सकाळी फोनवर मी खोटं बोललो. मशीन बंद पडलंय. आईनं त्यातलं पाणी... म्हणजे चूक माझीच. वर्षातून एकदा बदलायचं, असं मी तिला सांगितलं."

पौर्णिमानं डोळे पुसले. टाकीकडे पाहिलं, नळ्यांच्या खचाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आत्या, मशीनला ताजं पाणी घातलं का तुम्ही?"

आईनं मान हलवली.

"मला सहा वर्षांत कॉलेजात कोणी पेलाभर पाणी विचारलं नाही!" असं म्हणून ती हसायला लागली. हसता हसताच खाटेशी बसली. "अहो, आता डबा सोडा. हळूच सोडा. तुमचं काम झालं. उठा तिथून."

दोन वाजायला चार मिनिटं होती. तिनं बटण दाबलं. खोलीतली दहा माणसं आकड्याकडे बघत होती. साठ. बासष्ट. त्रेसष्ट. थांबला! "उतरला का ताप?" काकांनी हळूच विचारलं. उतरला म्हणालो. शहाळं फोडून सगळ्यांना घोट घोट वाटलं. आई सोमवारपर्यंत मशीनशेजारून हलली नाही. पुठ्ठ्यानं वारा घालत बसली होती.

सोमवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी शेवटचं चित्र निघालं. पाठवताना नेट दोनदा अडकलं, मी दोनदा खुर्चीवर उभा राहून दोनदा खाली बसलो. अकरा बावन्नला "प्राप्त झाले" असं उमटलं! पौर्णिमानं टेबलावर डोकं टेकवलं. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

बारा वाजून दहा मिनिटांनी मेलवर कॉलेजचं पत्र आलं. मीच मोठ्यानं वाचलं: "उमेदवारांनी सादर केलेल्या चित्रफितीची छापील प्रत तीन संचांत, स्वसाक्षांकित करून, मुलाखतीच्या वेळी सोबत आणावी."

"अहो," पौर्णिमा म्हणाली, "चित्रफितीची छापील प्रत म्हणजे काय?"

एवढ्या दिवसांत मला खरोखर येणारं काम आता आलं होतं. चौदा वर्षं आवक-जावक उगाच नाही सांभाळली! "म्हणजे छापील प्रत," मी म्हणालो. "कुणी विचारत नाही, फक्त लावायची. तू आठ चित्रं निवड."

तिनं आठ निवडली. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत शाई नव्हती, काळ्या-पांढऱ्यात काढली. मी पानांना क्रमांक घातले, पंच मारला, हिरवा टॅग ओवला. मुलाखतीत समितीनं फिल्म लावलीच नाही, पडदा अडकला होता म्हणे. ती आठ पानं चाळली, दोन प्रश्न विचारले, अध्यक्ष म्हणाले, "किल्ल्याचं काम मनापासून केलंय. आणि फाईल सुरेख लावलीय." तीन आठवड्यांनी पौर्णिमाच्या नेमणुकीचा आदेश आला. कायम!

आई गल्लीत अभिमानानं सांगत फिरते, "माज्या भारतनं मशीनला पाणी घातलं म्हणून सुनंला नोकरी लागली!" मीही बरेच दिवस मान डोलवत होतो. परवा ती फाईल पुन्हा हातात आली. सवयीनं नजर तारखांवर गेली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ते कधी निघालं याची बारीक तारीख असते. आठही चित्रं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली निघाली! साध्या टेबलफॅनच्या वाऱ्यावर, माझं पार्सल यायच्या महिनाभर आधीची.

चित्रं पौर्णिमानंच निवडली होती, म्हणजे तिला माहीत असणार. ती काही बोललेली नाही, म्हणून मीही बोललो नाही. तुम्हीही आईसमोर हा विषय काढू नका.